सातवा प्रश्न

"ती काय, टिकेल. या लोकांना सवय असते."

ताई हे मराठीत म्हणाल्या. बनारसच्या आमच्या कार्यालयात मराठी समजणारे तिघेच: संस्था चालवणाऱ्या ताई, त्यांचा भाचा ईशान आणि मी. बाकीच्यांपासून काही लपवायचं असलं की ताई मराठीत बोलत. मी दाराबाहेर झेरॉक्सचे कागद लावत होते. मला त्यांनी मोजलंच नव्हतं.

"पण मावशी, तिला इथे दोन वर्षं झाली," ईशान म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय. समन्वयकाचं पद तुला नाही दिलं तर तू दिल्लीला पळशील. ती कुठे जाणार आहे?"

मी कागद लावत राहिले. कडेला कड जुळवून. गप्प राहून नीटनेटकं काम करणं, त्यासाठी कॉन्व्हेंटमध्ये मला दर वर्षी शाबासकी मिळायची.

ते पद मला हवं होतं. आमची संस्था घाट झाडणाऱ्या बायकांसाठी काम करते. ठेकेदार त्यांची हजेरी मांडत नाही, हातमोजे देत नाही. मी त्यांच्यासोबत अर्ज लिहिते, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. दर सहा महिन्यांनी माझी फेलोशिप वाढते, किंवा वाढत नाही. पप्पा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. मला हेच काम करून जगायचं होतं. केस पिकेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शिबिर होतं. विषय: चळवळीत टिकायचं कसं. बाहेरगावची तीसेक पोरंपोरी. खादीचे कुर्ते, महागड्या पाण्याच्या बाटल्या. डोळे मिटून श्वास घ्यायचा आणि आपला थकवा ओळखायचा. कशाने थकले होते कोण जाणे. आदल्याच दिवशी आले होते.

मग सगळ्यांना मुन्शी घाटावर नेलं. खेळ असा: सगळ्यांनी एका पायरीवर उभं राहायचं, ताई प्रश्न विचारणार. ज्याला जन्माने काही मिळालं त्याने एक पायरी वर चढायचं. ज्याचं हिरावलं गेलं त्याने एक उतरायची. प्रश्न बारा. हिंदीत होते, इथे मराठीत देते. यादी मीच टाइप केली होती.

"ज्यांच्या घरी आजोबांपासून पुस्तकं होती, ते वर."

जवळजवळ सगळे चढले.

"ज्यांच्या आजीला देवळाबाहेरूनच हात जोडावे लागले, ते खाली."

मी उतरले. एकटी.

"ज्यांच्या वडिलांनी दुसऱ्यांची घाण साफ केली, ते खाली."

पप्पा भुसावळकडचे. रेल्वेत डबे धुण्याच्या कामावर लागले आणि बनारसला आले. हे मी ताईंना एकदा चहा पिताना सांगितलं होतं, विश्वासाने. यादीत ते प्रश्न होऊन आलं. टाइप करताना माझी बोटं थांबली होती. तरी टाइप केलं.

सातवा प्रश्न होता: ज्यांची शाळा इंग्रजी माध्यमाची, ते वर. ताई सहावरून थेट आठवर गेल्या. मी मान वर करून पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. ती एक पायरी माझी होती. आईने शाळेच्या फाटकाशी तीन दिवस बसून मिळवलेली. ताईंना ती नको होती. चित्र बिघडलं असतं.

बाराव्या प्रश्नाला पाणी लागलं. सलवार पोटऱ्यांपर्यंत भिजली. वरून तीस जण माझ्याकडे बघत होते. एक मुलगी रडली. दुसरीने आधी फोटो काढला, मग तीही रडली.

"थँक यू, बेटा," ताई म्हणाल्या. "तू आज आम्हाला खूप शिकवलंस."

बाजूला सुनैना चाची पायऱ्या झाडत होती. मला पाण्यात उभं केलेलं पाहून तिचा झाडू थांबला.

"बिटिया, तोहके पानी में काहे खड़ा कइलन?"

"खेल है, चाची."

"केकर?"

कुणाचा, एवढंच तिने विचारलं आणि पुन्हा झाडू लागली.

याच बाईला मी दोन वर्षं सांगत आले होते, हजेरीच्या वहीत नाव चढल्याशिवाय झाडू उचलायचा नाही. तिने ते करून दाखवलं होतं. ठेकेदार आयमाय काढत होता आणि ही पायरीवर बसून पान खात होती. शेवटी त्याने नाव लिहिलं. आणि तिला शिकवणारी मी, पाण्यात.

त्याच दिवशी मी समन्वयकाच्या पदासाठी अर्ज लिहिला. जाहिरात निघालीच नव्हती, तरी लिहिला. ताईंनी तो न वाचता फायलीखाली सरकवला.

"आपल्यात अर्ज कसले गं? आपण घरच्यासारखे."

संकठा घाटाजवळच्या त्यांच्या घरात दोन वर्षांत मी बाहेरच्या खोलीपलीकडे गेले नव्हते.

पुढच्या महिन्यात नवं शिबिर. तोच घाट, तीच यादी. ईशान आता समन्वयक. सुरू करण्याआधी ताई माझ्या कानाशी आल्या.

"आज चपला वरच काढून ठेव हं. भिजतात."

काळजीने म्हणाल्या. खरंच काळजीने. त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही, किळस आली.

सहा प्रश्न झाले. मी चार पायऱ्या खाली होते, चपला पायातच. ईशान सगळ्यांच्या वर, घाटाच्या शेवटच्या पायरीवर.

"आता आठवा," ताई म्हणाल्या.

"सातवा राहिला, ताई."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. पलीकडे सुनैना चाचीचा झाडू थांबला. मी हिंदीत बोलत होते, सगळ्यांना कळावं म्हणून.

"इंग्रजी शाळा. मी शिकलेय. वर येतेय."

चढले. ताईंनी यादीची घडी घातली. "बेटा, हे आपण नंतर बोलू," त्या मराठीत म्हणाल्या.

"नाही, इथेच. तेरावा प्रश्न माझा. या संस्थेत अर्ज न करता ज्यांना पद मिळालं, ते एक पायरी वर."

ईशानच्या वर पायरीच उरली नव्हती.

"माझा अर्ज तुमच्या फायलीखाली आहे, ताई. काढा तो. ईशानची आणि माझी, दोघांची मुलाखत घ्या. हे काम मी सोडणार नाही. पण तुमच्यासाठी पाण्यात आता उतरणार नाही."