सावंतकाकूंचा टीव्ही आणि गच्चीवरची ड्यूटी

तुमच्या टीव्हीला दार होतं का हो?

आमच्या होतं. म्हणजे, आमच्या घरी टीव्हीच नव्हता. तो होता खालच्या मजल्यावर, सावंतकाकूंकडे. लाकडी पेटी, चार पाय, पुढे सरकतं दार आणि दाराला कुलूप! किल्ली काकूंच्या कमरेला. परवा हळदीकुंकवाला आम्ही जुन्या बिल्डिंगमधल्या चौघीजणी भेटलो. कुणीतरी नुसतं "काकूंची किल्ली" म्हणालं, आणि चहा गार झाला तरी कुणी उठेना! या गोष्टी मिठागरातल्या मिठासारख्या साठतात. पाणी कधी आटलं ते कळत नाही, एक दिवस बघावं तर पांढरा ढीग.

मिठागर तोंडात आलं, कारण आम्ही नेरूळचे. ऐंशीच्या दशकातलं नेरूळ, बरं का. स्टेशन नव्हतं, मॉल नव्हते. नव्याकोऱ्या बिल्डिंगी, मधे माती आणि चिखल, रस्त्यापलीकडे गाव, गावापलीकडे मिठागरं आणि त्यापुढे खाडी. पाहुणे यायचे ते "इथे करमतं कसं गं तुम्हाला?" असं विचारूनच जायचे. आम्हाला कळायचंच नाही, न करमायला काय झालं? संध्याकाळी टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम लागतो की!

*

काकूंचा नियम एकच. पाय धुऊन यायचं.

बिल्डिंगखाली एक नळ होता. तिथे पाय धुवायचे, चपला तिथेच ठेवायच्या आणि जिना टाचांवर चढायचा. दारात काकू उभ्या. "दाखव पाय!" पाय उचलून तळवा दाखवला की आत प्रवेश. थिएटरात तिकीट दाखवतात तसं.

माझा धाकटा भाऊ मिलिंद, आम्ही मिल्या म्हणायचो, एकदा उशिरा आला. घाईत त्याने एकच पाय धुतला आणि लंगडी घालत जिना चढला. धुतलेला पाय दाखवता येईना, कारण मग उभं कशावर राहणार?

काकूंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "हा पाय आत येऊ दे. तो दुसरा जिन्यात बसून कार्यक्रम बघेल!"

*

एक दिवस सावंतकाका बाजारातून एक प्लास्टिकची काच घेऊन आले. वर निळी, मधे गुलाबी, खाली हिरवी. ती टीव्हीला पुढून लावली आणि काकांनी जाहीर केलं, "घ्या! आपला टीव्ही कलर झाला."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मुलांच्या कार्यक्रमात एक ताई असायची. गोष्ट सांगायची, कोडी घालायची, आणि तिच्याबरोबर लांब कानांचा एक बोलका ससा असायचा, बाहुला. त्या दिवसापासून ताईचं कपाळ निळं, नाक गुलाबी आणि गळा हिरवा दिसायला लागला. आम्हाला तीच सवय झाली.

पुढे कधीतरी आम्ही ठाण्याला मामाकडे गेलो. त्याच्याकडे खराखुरा कलर टीव्ही. ताई आली, आणि मिल्या आनंदाने ओरडला, "आई, बघ! ताई बरी झाली!"

*

आता हे हसण्यासारखं आहे, पण आम्हाला वाटायचं की ताईलाही आम्ही दिसतो. ती सरळ आमच्याकडेच बघून बोलायची ना! म्हणून आम्ही केस विंचरून जायचो. मिल्या तर फाटक्या चड्डीत असला की माझ्या मागे बसायचा.

मोठ्यांना हसायला काय झालं? बातम्या सांगणारे गृहस्थ पडद्यावर आले की सावंतकाकू हळूच डोक्यावरून पदर घ्यायच्या.

काका म्हणाले, "अगो, त्याला तू दिसत नाहीस."

"माहीत आहे मला. पण मला तो दिसतो ना!"

*

खरी गंमत अँटेनाची. खाडीवरून वारा सुटला की गच्चीवरचा अँटेना फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एकाने गच्चीवर जायचं, एकाने जिन्यात थांबायचं, एकाने दारात. वर गेलेला अँटेनाचा पाइप फिरवायचा आणि विचारायचा, "दिसतंय का?" जिन्यातला खाली ओरडायचा, "दिसतंय का?" दारातला आत बघून म्हणायचा, "मुंग्या!" ते "मुंग्या" जिना चढून वर पोचायचं. आणि चित्र आलं की "आलं, आलं!" वर पोचेपर्यंत वरच्याने पाइप आणखी फिरवलेला असायचा. पुन्हा मुंग्या!

काका वैतागून म्हणायचे, "ह्यापेक्षा दिल्लीला ट्रंककॉल लावणं सोपं!"

गच्चीवरच्या ड्यूटीला कुणी तयार नसायचं. ज्याची ड्यूटी, त्याचा कार्यक्रम गेला. नंतर खालच्यांनी त्याला सगळी गोष्ट सांगायची, अशी आमची पद्धत होती. पण ते काम मिल्याकडे आलं की संपलंच. तो स्वतःच गोष्ट रचायचा.

सगळ्यात जास्त ड्यूटी केली असेल ती हौसाने. हौसा माझ्या वर्गातली, पलीकडच्या गावातली. तिचे बाबा हसुकाका मिठागरात कामाला. एकदा ती गच्चीवरून उतरली आणि तिने विचारलं, "आज सशानं काय केला?"

मिल्या म्हणाला, "लग्न केलं."

हौसाने मान डोलावली. पुढच्या वेळी तिची ड्यूटी नव्हती. सगळे शांतपणे बघताहेत, ससा एकटाच गाजर खातोय, आणि हौसा जोरात म्हणाली, "याची बायको कुठं हाय?"

सावंतकाकू म्हणाल्या, "माहेरी गेली असेल गो. एकट्याला गाजरच खावं लागणार!"

*

"तुला कंटाळा येत नाही का गं सारखं वर जायला?" मी तिला एकदा विचारलं.

"नय. वरशी आमचा घर दिसतं. मिठागरात बाबा पन दिसतं, टिकलीएवरा." मग तिने गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून दाखवलं. "सुमे, तुला ठावं हाय का? काकूंचा टीव्ही हाय ना, तिथं आमचा वालाचा शेत होता. आजी तिथं शेंगा तोरायची."

मिल्या विचारात पडला. "म्हणजे ताई रोज तुमच्या शेतात येते?"

"येते ना! पन पाय धुवत नय!"

*

त्याच वर्षी आमच्या शाळेच्या नाचाला बोलावणं आलं. ताईच्याच कार्यक्रमात! आठ मुलींचा शेतकरी नाच. हौसा पुढच्या रांगेत, कारण तिच्या पायात ठेका होता. मी मागच्या रांगेत, कारण माझ्याकडे नुसतं परकर-पोलकं होतं.

बाई आम्हाला बसने खाडीपूल ओलांडून मुंबईला घेऊन गेल्या. स्टुडिओ म्हणजे मोठी थंडगार खोली आणि त्यात भट्टीसारखे गरम दिवे. ताई दिसली. कपाळ अगदी आपल्यासारखं! ती आमच्याकडे पाठ करून घाईघाईने बटाटेवडा खात होती. तेही आम्हाला फार आवडलं.

पण मेकअपच्या खोलीत गेलो आणि सगळ्याजणी दारातच थबकलो. भिंतीवर खुंटी होती. खुंटीला ससा टांगलेला होता, कानांना धरून. पोट रिकामं, तोंड उघडं.

एकीचे डोळे भरले.

हौसा पुढे झाली. सशाचं तोंड तिने हलकेच मिटवलं आणि आमच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. "गप रा सगल्या. झोपलाय तो."

मग आम्ही चवड्यांवर चालत बाहेर आलो.

*

कार्यक्रम नंतर दाखवणार होते. कोणत्या दिवशी ते बाईंनी सांगितलं, आणि तेव्हापासून हौसाचं एकच सुरू झालं. "माझा बाबा बघनार."

हसुकाकांनी टीव्ही पाहिला होता तो दुकानाच्या काचेतून, बंद असलेला. मिठाचे दिवस होते. अंधार पडेपर्यंत ते मिठागरातून हलत नसत. "खोक्यात माझी पोर मावंल कशी?" म्हणून ते हसायचे. हौसा चिडायची. "तू ये तर खरा! मंग बघ मावते का!" शाळेत येता-जाता ती मला विचारायची, "येल ना गं तो?" मी म्हणायचे, येईल.

आणि तो आला. त्या संध्याकाळी नळावर ही रांग! गावातल्या बायका, बिल्डिंगमधल्या बायका, पोरंटोरं, सगळी पाय धुताहेत. हसुकाका धुवून धुवून थकले. मिठागरात चालणाऱ्या माणसाच्या पायांच्या भेगांत मीठ बसलेलं असतं, ते नळाच्या पाण्याने जात नाही. मागचे लोक खोळंबले. तरी ते वाकून घासताहेत.

दारात काकू सवयीने "दाखव..." म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. "या हो, या. पुढे बसा."

"नय बाय, इथंच बरा हाय." ते उंबऱ्यापाशीच टेकले. हौसाने हात धरून त्यांना उठवलं आणि अगदी पुढे, आपल्या जागेवर बसवलं. "आता उठायचा नय, बाबा."

काकूंनी किल्ली काढली. दार सरकलं. ताई आली, ससा आला. ससा बोलला तेव्हा आम्ही आठजणींनी एकमेकींकडे पाहिलं. उठला होता तो! मग ताई म्हणाली, "आता बघू या नेरूळच्या मुलींचा नाच."

आणि मुंग्या!

वारा सुटला होता. वर मिल्याची ड्यूटी होती. जिन्यातून त्याचा आवाज आला, जवळजवळ रडका. "क्लॅम्प तुटला! पाइप धरवत नाही मला! कुणीतरी या!"

सावंतकाकांची कंबर धरलेली. बाकीचे बाबालोक अजून ऑफिसच्या बसमध्ये. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

हसुकाका उठले.

हौसाने त्यांचा सदरा धरला. "बाबा, तू नको जाव!"

"अगो, मंग तू दिसशील कशी?" असं म्हणून त्यांनी सदरा सोडवला आणि ते वर गेले.

मुंग्या हलल्या, वाकल्या, आणि एकदम चित्र आलं. आठजणी! पुढे हौसा, हातात खोटा कोयता, मान तिरकी. माझा फक्त कोपर आला. पण तो नीट दिसला, सगळ्यांनी ओळखला.

"दिसते का?" वरून हसुकाकांचा आवाज आला. जिन्यातल्या पोराची गरजच पडली नाही.

"दिसली! दिसली!" सगळी खोली ओरडली.

मग पाइप तसूभरही हलला नाही. काकूंच्या टीव्हीवर इतकं स्वच्छ चित्र ना कधी आलं होतं, ना नंतर कधी आलं. सगळे टीव्हीकडे बघत होते. हौसा छताकडे बघत होती.

नाच संपला. टाळ्या झाल्या, काकूंनी हौसाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, कुणी साखर आणली. बातम्या लागल्या, काकूंनी पदर घेतला. तरी चित्र हलेना. तेव्हा काकांच्या लक्षात आलं. "अरे, त्या माणसाला कुणी सांगितलं का, संपलं म्हणून?"

हसुकाका खाली आले. तळहातांना गंज लागला होता. दारातूनच त्यांनी विचारलं, "कशी दिसली?"

सगळे एकदम सांगायला लागले. मिल्या तेवढा गप्प होता. तोही वरच होता, आणि त्या दिवशी त्याला रचून सांगवेना.

काकू म्हणाल्या, "परत दाखवतील हो कधीतरी."

"कवा?" हौसाने विचारलं.

काकूंनी टीव्हीचं दार सरकवलं आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मिल्या शाळेत जाताना मिठागराकडून गेलो. हौसा गणवेशात, दप्तर बाजूला ठेवून, बांधावर नाचत होती. आधी स्वतःचा नाच, मग एकेक करत बाकीच्या सातजणींचा. माझा कोपरसुद्धा तिने करून दाखवला. आणि समोर हसुकाका, प्यायच्या पाण्याच्या कळशीने पाय स्वच्छ धुऊन, मांडी घालून बघत बसले होते.