डिस्टिल्ड वॉटरचा कॅन
डिस्टिल्ड वॉटरच्या नव्या कॅनचं बूच उघडलं की प्लास्टिकचा वास येतो आणि लातूरचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. मी शिकत होतो तेव्हाच्या दुष्काळात टँकर दहा-बारा दिवसांनी यायचा. कॉलेजात मी चिमुकल्या उपग्रहाला पाण्याच्या धारेनं ढकलणारं पितळी नॉझल बनवलं होतं, त्याचं भोक केसाएवढं. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर त्यातून पाण्याची सरळ धार काढून दाखवायची होती. त्यासाठी आणलेला, क्षार नसलेल्या या पाण्याचा कॅन मी घरी ठेवला होता. संध्याकाळी पाहिलं तर तो रिकामा. आई वाढता वाढता म्हणाली, "टँकरच्या खाऱ्या पाण्यात महिनाभर डाळ शिजंना झालती. आज बघ, लई मऊ शिजली." अप्पांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं. मीही तेच वरण भातावर घेऊन जेवलो. सकाळी टँकरच्याच पाण्यावर नॉझल एकदा चालवून पाहिलं, धार सरळ आली. कॉलेजात पोचेपर्यंत ते सुकलं आणि क्षार साचून भोक बुजलं. परीक्षकांसमोर थेंबही आला नाही. ते पुढच्या टेबलाकडे गेले. "झालं का रे चांगलं?" घरी आईनं विचारलं. मी हो म्हणालो. आता मी काम करतो त्या प्रयोगशाळेत असे कॅन भिंतीला रांगेनं लावलेले असतात. आई अजून त्या वरणाचं कौतुक सांगते. मला त्याची चव आठवत नाही.