डॉक्टरला आणायला गाडी

हैदराबादेत डॉक्टरकी शिकून मी सोनपेठला दवाखाना थाटला, तेव्हा माझ्याजवळ दोनच गोष्टी नव्याकोऱ्या होत्या: सनद आणि सायकल. सनद भिंतीवर टांगली. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. सायकलीकडे मात्र सगळे गाव पाहत होते.

गावातले म्हातारे हकीम घोडीवरून फिरत. वकील टांग्यातून येत. मोठे शेतकरी दमणीतून, म्हणजे छत असलेल्या हलक्या बैलगाडीतून. सायकलवर कोण, तर टपालवाला. एका व्यापाऱ्याने मला तोंडावरच सांगितले, "डाक्टरसाब, इलम तुमचा मोठा असंल, पन सवारी टपालवाल्याची हाय." मी हसलो आणि घरी जाऊन जेवणात मीठ कमी म्हणून बायकोवर खेकसलो.

ते बोलणे मनातून जाईना. त्यातच एकदा एका खेड्यात बोलावणे आले म्हणून सायकल मारत गेलो. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, मिशांवर धूळ. दारातल्या बाईने मला ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि विचारले, "डाक्टर मागून यायलेत का?" मीच डॉक्टर म्हटल्यावर घरात कुजबूज झाली. मी दिलेले औषध त्यांनी घेतले, पण दुसऱ्या दिवशी हकिमांची घोडी त्यांच्या दारात होती. हे मला माझ्या कंपाउंडरने सांगितले, तेही चवीने.

हा कंपाउंडर वयाने माझ्या दुप्पट आणि गावाची नाडी माझ्याहून जास्त ओळखणारा. तो म्हणाला, "साहेब, इथं डाक्टर चालून येत न्हाई, त्याला आणावा लागतो. ज्याच्या घरी दुखणं, त्यानं गाडी पाठवायची. गाडी आल्याबिगर उंबरा वलांडू नका. त्यात त्यांची बी इज्जत हाय, तुमची बी." मला ते पटले. खरे सांगायचे तर मला ते पटवून घ्यायचेच होते. सायकल आतल्या खोलीत गेली, तिच्यावर जुने धोतर टाकले. गाड्या येऊ लागल्या, रोगी वाढले, व्यापारी रामराम घालू लागला. तरी कोणी आतल्या खोलीकडे वळले की मी उठून दार ओढून घ्यायचो. सनद खोटी असल्यासारखा मी त्या सायकलीला भीत होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतला एक उन्हाळा. सकाळी दवाखाना उघडतो तोच तीन कोसांवरच्या एका खेड्यातून एक तरुण शेतकरी धावत आला. त्याची भावजय पहाटेपासून उलट्या-जुलाबांनी बेजार होती.

"पानीसुदिक ठरंना सायेब. हातपाय गार पडायलेत. तुमाला आनायला दमणी यायलीय. दादा गेलाय पाटलाकडं मागायला."

एवढे सांगून तो आल्या पावली परत पळाला.

पटकी, म्हणजे कॉलरा. मला दुसरी शंकाच आली नाही. पटकीत माणसाच्या अंगातले पाणी तासातासाला आटते, आणि शिरेतून मिठाचे पाणी वेळेवर गेले तर मेल्यासारखा पडलेला माणूस उठून बसतो. हे मी शिकलो होतो, डोळ्यांनी पाहिलेही होते. मी पिशवी भरली. सायकलीने तासाभरात पोचलो असतो. पावसाळा असता तर काळ्या चिखलाचे निमित्त तरी सांगता आले असते. वाट कोरडी खणखणीत होती.

मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. कंपाउंडर म्हणाला, "दमणी वाटंतच असंल साहेब. सायकलीवर गेलात आन् तितं कोनी सुई टोचू दिली न्हाई, तर?" मी थांबलो. त्याने अडवले म्हणून नव्हे. मला ती दारातली बाई आठवली, तिचे ते "डाक्टर मागून यायलेत का" आठवले, आणि मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो.

नऊ वाजले, दहा वाजले. प्रत्येक घुंगराच्या आवाजाला मी उठायचो. आता निघालो आणि वाटेत दमणी समोर आली तर? सायकलवरचा डॉक्टर पाहून गाडीवान काय म्हणेल? असले विचार मी करत होतो, आणि तिकडे एक बाई वाळत चालली होती. अकरा वाजता वाटले, आता निघालो तर इतका वेळ का बसलो हे कोणाला सांगणार? म्हणून आणखी बसलो. लाज वाटते लिहायला, पण तसेच झाले.

दमणी आली तेव्हा ऊन डोक्यावर होते. झूल घातलेले बैल, आत गादी, तक्क्या. खुद्द बाईचा नवरा हाकत होता. पोचायला दोन तास लागले. बाईचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती, नाडी हाताला लागेना. शीर सापडेना म्हणून चिरून शोधली. पाणी गेले, पण फार उशिरा. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिशीचीसुद्धा नसेल.

बायका रडत होत्या. मी अंगणात हात धूत होतो. नवरा जवळ आला आणि त्याने माझे पाय धरले.

"माफी करा सायेब. पाटलाची दमणी लग्नाला गेलती. ती येईस्तोवर थांबलो. आमची गाडी सकाळधरनं दारात जुपल्याली व्हती. पन शेनखताची गाडी, तिच्यात तुमाला कसं बसवावं?"

त्या शेणखताच्या गाडीत मी बसलो नसतो, असे या माणसाला कोणी शिकवले? मीच शिकवले होते, सहा महिने, रोज.

त्याने डोळे पुसले. मग अगदी साधेपणाने विचारले, "तुमच्यापाशी सोताचं कायबी न्हाई का सायेब? घोडी म्हना, सायकल म्हना?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. आणि घरात बायको पडलेली असताना, मला परत पोचवायला तो दमणी जुंपू लागला. मी चढायच्या आधी त्याने गादी स्वतःच्या पागोट्याने झटकून दिली.