जांभळीची झोळी

आंबवड्याच्या थांब्यावर मी रोज सकाळी भोरच्या एसटीची वाट बघतो. तिथल्याच जांभळीला एक धनगरीण पोरासाठी झोळी बांधते. मेंढरं समोरच्या माळावर, हातात लोकर नि सूत काढायची चाती, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. बोलणं जेमतेम; गुणगुणणं मात्र अखंड. झोळी माघारी वळली की अंगठा अलगद हलतो, जरा आधी नाही की नंतर नाही. कॉलेजात मी पोरांना दोलनं आणि लाटा शिकवतो. त्या अंगठ्याला कळतं ते त्यांना वर्षभरात कळत नाही.

तिचं पोरगं आता चालायला लागलंय, तरी परवा झोळी हलत होती, आणि चांगली जड दिसत होती. सहज चाळा म्हणून मी मोबाईलवर दहा झोके मोजले. पोरगं तान्हं असताना एकदा मोजला होता, वेळ तेवढाच. वजन बदललं तरी झोक्याचा वेळ बदलत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दिवशी ते नुसतं बघतच राहिलो. तेवढ्यात झोळीतून काळं नाक बाहेर आलं. आई मेलेलं कोकरू होतं.

"ताई, ह्याला कशाला झोका?" मी हसलो.

चातीवरची नजर न काढता ती म्हणाली, "गुर्जी, झोक्याला काय ठावं, आत कुनाचं पोर हाय?"