वाट्या लावणारा बाप

"बांगड्या भर आता, तेवढंच राहिलंय!"

अंगणवाडीच्या दारात उभं राहून मी माझ्या मुलाला हे बोलले. सगळ्या बायकांसमोर. आत पालकांची बैठक चालली होती. सुधीर एकटाच पुरुष, सतरंजीवर मांडी घालून बसलेला. समोर त्याची तीन वर्षांची पोर, स्वरा. दोघं वाट्या लावत होते — मोठी, तिच्यात लहान, तिच्यात आणखी लहान. बायका हसल्या. एक म्हणाली, "भाईसाब, साडी भी पहन लो." सुधीर उठला आणि चपला हातात घेऊन तसाच अनवाणी निघून गेला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे बोलले ते आमच्या निम्म्या नवघर वस्तीने ऐकलं — पण त्यानंतर जे केलं, ते नाही.

सुधीर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात दुपारपाळीला जायचा. सून वैशाली सकाळी आठलाच कामावर. म्हणून सकाळी पोर बापाकडे. मटार सोलताना तो तिच्याकडून दाणे मोजून घ्यायचा. ती जे काही बडबडेल ते ऐकायचा, उत्तर द्यायचा. अंगणवाडीची ताई म्हणायची, आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक. मला संताप यायचा. कशाचा? मी चौथी शिकलेली. माझ्या पोरांना मी धपाट्यांशिवाय काही दिलं नाही — आणि माझाच मुलगा रोज सकाळी माझ्यासमोर बसून दाखवत होता, की असंही करता येतं. लोक काय म्हणतील, हे कारण मी मागाहून शोधलं.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी चादर ओढून पडून राहायला लागला. स्वरा त्याला हलवायची. तो कूस बदलायचा.

मग ताई घरी आली. "आजी, सुधीरदादा का येत नाहीत? किती छान करून घेत होते."

"त्यालाच कंटाळा आलाय," मी म्हटलं.

वैशालीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. वर म्हटलं, तुझा नवरा सकाळभर लोळतो, पोरीकडे बघत नाही. ती त्याला नाही नाही ते बोलली. मी ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. तोंड काय शिवलं होतं माझं?

त्यानेही सांगितलं नाही. बायकोपुढे आईचं नाव तो घेणार नाही, हे मला माहीत होतं. त्या भरवशावरच तर मी खोटं बोलले.

त्या हसणाऱ्या बायकांवर मी वर्षानुवर्षं चिडून पाहिलं. काय उपयोग? हसवलं कुणी त्यांना?

वैशाली अजून भांडणात त्याला म्हणते, "तुम्हाला पोरीची आवड कधी नव्हतीच." तो मान खाली घालून जेवतो. मी वाढत असते. स्वरा आता नऊ वर्षांची आहे. अभ्यासात काही अडलं तर शेजारच्या घरी जाते विचारायला. बाप घरात असला तरी.

हे सुधीरने सोसलं. आणि स्वराने.