नानांच्या पाच पुंगळ्या

मामींचा फोन आला तेव्हा मी जळगावला ऑफिसात होते. "नाना गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग, "तू जेवलीस का?" ... मी हो म्हटलं. जेवले नव्हते. त्या घरात माझं खोटं नेहमी असंच असायचं, एका शब्दाचं.

नाना आईचे थोरले भाऊ. नोकरीची सगळी वर्षं दारूगोळा कारखान्यात मापं तपासण्यात गेली, निवृत्तीनंतर धुळ्यात स्थायिक झाले. रायफल नेमबाजीकडे त्यांनीच मला वळवलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी भाची. त्यांची अहिराणी मला निम्मीच कळायची. "तठे बोलनं पडत नही," असं त्यांनी रेंजबद्दल सांगितलं, आणि तिथे बोलावं लागत नाही एवढ्यावर मी गेले.

क्लबच्या परवान्यावर, क्लबच्याच खोलीत नाना आमची काडतुसं भरायचे. काडतुसाची झाडलेली पितळी पुंगळी पुन्हा वापरता येते, पण दर खेपेला पितळ थोडं सरकतं आणि मानेशी, म्हणजे गोळी बसते त्या तोंडाशी, जाड होतं. मग रायफलच्या आत त्या मानेला फुलायला जागा उरत नाही, गोळी लवकर सुटत नाही, मागे दाब वाढतो, रायफल फुटूही शकते. आणि हे सगळं घडतं नेम धरणाऱ्याच्या गालापाशी. नानांकडे मायक्रोमीटर होता, तरी त्याआधी त्यांची एक साधी परीक्षा असे. एक कोरी गोळी ते रुमालात बांधून ठेवत. झाडलेल्या पुंगळीच्या तोंडात ती नुसती सोडायची. आत उतरली तर मान मोकळी, अडली तर पुंगळी बाद. मी एकदा अंगठ्यानं रेटली, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "दाबानं नही. आपली आपली उतरनी पाहिजे."

डोळे अधू झाल्यावर हे तपासायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, भरायचं स्वतःकडे ठेवलं. राज्य स्पर्धेच्या आधी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पंचवीस पुंगळ्या घेऊन बसले. माझ्या म्हणून ओळखू याव्यात यासाठी प्रत्येकीच्या बुडावर लाल ठिपका दिला होता. मामी कळण्याच्या भाकरी थापत होत्या, मला परतीची बस गाठायची होती. वीस नीट पाहिल्या. उरलेल्या पाच जुन्या तशाच चांगल्यांच्या ढिगात सरकवल्या.

"बठ्ठ्या देख्यात?" सगळ्या पाहिल्यास का, असं नानांनी विचारलं.

"हो."

स्पर्धेच्या ठिकाणी डबा उघडला, तर काडतुसं वीसच. "इसरनू, माय," नाना म्हणाले. "पाच भराना राही ग्यात." नेम जुळवायच्या आधीच्या गोळ्या मला मारताच आल्या नाहीत. थेट गुणांच्या गोळ्यांना बसले. दोन गुणांनी निवड हुकली.

परतीच्या गाडीत, कधी न बोलणारी मी बोलले. "नाना, तुमच्यानं आता होत नाही. सोडून द्या हे."

ते खिडकीबाहेर कापसाच्या शेतांकडे बघत होते. "बरं," म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी खोलीची किल्ली क्लबात परत दिली. कुणी कारण विचारलं की हसून सांगायचे, पाच भरायच्या विसरलो, आता काय उरलं. पुढची दोन वर्षं ते टेबलाशी बसून राहायचे. मामी सांगायच्या, हात सारखे काहीतरी चाचपत असतात ... मी कधीमधी जायचे, समोर बसायचे. माफी मागायचं मनात यायचं, पण वाटायचं, शब्द कठोर असले तरी खोटे कुठे होते?

तेराव्याला मामींनी एक पेढ्यांचा डबा हातात ठेवला. "तुझाच आहे म्हणायचे." आत तो रुमाल, रुमालात ती गोळी, आणि पाच रिकाम्या पुंगळ्या. बुडाशी लाल ठिपके.

मी तिथेच, त्याच टेबलावर, एकेक उभी करून गोळी सोडली. पहिलीत अडली. दुसरीत अडली. पाचवीपर्यंत एकीतही उतरली नाही. नाना काही विसरले नव्हते. माझ्यामागे त्यांनी, त्या अधू डोळ्यांनी, सगळ्या पुन्हा तपासल्या होत्या.

डबा आता जळगावला माझ्या टेबलावर असतो. ऑफिसातून आले की एक पुंगळी उभी करते आणि तिच्या तोंडावर गोळी ठेवते. ती तिथेच थांबते. मी अंगठा लावत नाही.