कण्हेरीवरचं बांडगूळ

“हृदयाची कुठली गोळी घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“बीपीची एक. बाकी काही नाही.”

“मग रक्तात डिजॉक्सिनसारखं काय दिसतंय?”

डिजॉक्सिन हे ठोके मंद करणारं औषध. मी ते कधी पाहिलंही नव्हतं. ईसीजीत हार्ट ब्लॉक निघाला होता. म्हणजे ठोका द्यायचा निरोप हृदयात वरून खाली पोचतच नव्हता.

त्याआधी काही दिवस उलट्या, अंधारी, सगळं पिवळट दिसणं. मला वाटलं पित्त. कुवेंपुनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात कोसळले, तेव्हा यांनी रिक्षात घालून दवाखान्यात आणलं.

“घरगुती काही?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

हे म्हणाले, “अक्का बांडगुळाचा काढा देते. बीपीसाठी.”

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सोसले या आमच्या गावाहून काही दिवस आमच्याकडे राहायला आली होती. बांडगूळ आमच्यात नवं नाही. मोडलेल्या हाडावर लेप, मुतखड्यावर काढा, हे लहानपणापासून ऐकलेलं.

“कुठल्या झाडावरचं?” डॉक्टरांनी सोबत आलेल्या अक्काला विचारलं.

अक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

“अहो, सांगा! बांडगूळ झाडाचाच रस पितं. झाड विषारी असेल तर तेही विषारी होतं.”

“अय्यो, सुम्ने, उगाच कशाला घाबरवताय? झाडपाल्यानं कुणी मरतं का?”

मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा खाली येत होता. मला तो दिसत होता, तिलाही दिसत होता. टेम्पररी पेसमेकरसाठी, म्हणजे मानेच्या शिरेतून हृदयात तार घालून ठोके चालू ठेवण्यासाठी, मला हलवायला लागले, तेव्हा ती पुटपुटली, “कणगले. कण्हेरीवरचं. तेच हृदयाला चांगलं म्हणतात.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. नुसतं कबूल करायचं नव्हतं.

ती तार काही दिवस मानेत होती. विष उतरलं, ठोके परतले, तार निघाली. नेमका प्रश्न विचारणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर हे म्हणाले, “तिनं प्रेमानं दिलं गं. सोड आता.”

“काढा प्रेमानं दिला. मी मरायला टेकले तेव्हा गप्प का बसली?”

हे उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेले.

तोवर गावी परतलेली अक्का मला भेटायला आली, चहा प्यायली आणि सहज बोलून गेली की गावातल्या तिच्या शेजारच्या सरोजालाही ती तोच काढा देते, तिला छान मानवलाय.

मी तिच्यासमोरच सरोजाला फोन लावला. कसलं पान, काय विष, मला काय झालं, सगळं सांगितलं. “काढा ओतून दे आणि आजच ईसीजी काढ,” म्हटलं.

“गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस,” अक्का उठत म्हणाली.

“नाही ठेवली,” मी म्हटलं.

तुमच्याही घरी कुणी मायेनं पेला पुढे करेल. कसलं पान, कुठल्या झाडावरचं, आधी विचारा. उत्तर आलं नाही तर पिऊ नका, माणूस कितीही जवळचं असो.

सरोजाची नाडीही मंदच निघाली. वेळेवर गेली, वाचली. अक्का माझ्याशी बोलत नाही. न बोलो.